चौसष्ट म्हणजे किती?

शाहूवाडी तालुक्यातल्या एका केंद्राच्या शिक्षण परिषदेला आम्ही गेलो होतो. निमित्त निराळेच होते. आरसे, भिंगे, पाण्याचे पेले असे सामान घेऊन प्रकाशाचे साधे प्रयोग करून दाखवायचे होते. पण महिना जुलैचा. मलकापूर सोडून आंबा घाटाच्या बाजूला वळलो तेव्हापासून जो पाऊस लागला तो थांबलाच नाही. उन्हाशिवाय आरसे काय कामाचे? प्रयोग पिशवीतच राहिले आणि पत्र्यावरच्या आवाजाच्या वर आवाज काढत गप्पा सुरू झाल्या.

पठारावरच्या एका धनगरवाड्यातल्या दोनशिक्षकी शाळेतल्या बाईंनी पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. त्यांच्या वर्गातल्या चौथीतल्या एका मुलाचा तो तपासणीचा कागद होता. मुलाचे वय नऊ वर्षे दोन महिने. वाचन जोडाक्षरांपाशी अडलेले, हातच्याची वजाबाकी येत नाही, वर्गात फारसा बोलत नाही. शिबिरात नाव निघाले, मग वडील त्याला घेऊन दोनदा एस.टी.ने खाली जाऊन आले आणि हा कागद मिळाला. त्यावर एक ओळ होती : बिने-कामत चाचणी, बुद्ध्यंक ६४.

वडील कागद घेऊन शाळेत आले ते खुशीत होते. म्हणाले, "बाई, चौसष्ट पडल्यात की पोराला. शंभरातलं चौसष्ट म्हंजी पैला वर्ग न्हवं का?"

"मला काय सांगावं ते सुचलंच नाही," बाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू का, डी.एड.ला बिने शिकले होते, पण हे कामत कोण तेही मला माहीत नव्हतं."

आमच्यापैकीही एकालाच ते नाव पुस्तकातून माहीत होते. परत आल्यावर आम्ही शोध घेतला. ही कथा पॅरिसमध्ये सुरू होते. पण तिचा आपल्या कामाचा भाग घडला तो कोल्हापूरपासून दोनशे किलोमीटरांच्या आत, धारवाडला.

आधी वडिलांचा प्रश्न. चौसष्ट हे शंभरापैकी मिळालेले गुण नव्हेत. तो एक भागाकार आहे. बिने-कामत चाचणीत वयानुसार प्रश्नांचे गट केलेले आहेत. तीनपासून दहा वर्षांपर्यंत प्रत्येक वर्षाचा एक गट, प्रत्येक गटात सहा प्रश्न, आणि सुटलेल्या प्रत्येक प्रश्नाला दोन महिने. म्हणजे सहा प्रश्न सुटले की मुलाने बारा महिने 'कमावले'. समजा या मुलाला पाच वर्षांपर्यंतचे सगळे प्रश्न आले, सहा वर्षांच्या गटातले तीन आले आणि सात वर्षांच्या गटातले दोन. तर त्याचे मानसिक वय साठ अधिक सहा अधिक चार, म्हणजे सत्तर महिने. त्याचे जन्मापासूनचे वय एकशे दहा महिने. सत्तर भागिले एकशे दहा, गुणिले शंभर : चौसष्ट. शंभर हा आकडा इथे 'पैकीच्या पैकी' नाही. 'आपल्या वयाच्या सर्वसाधारण मुलाइतका' एवढाच त्याचा अर्थ.

पण कोणत्या सर्वसाधारण मुलाइतका? सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. त्याआधी ज्यांना शाळा जमत नसे ती मुले शाळेत येतच नसत, त्यामुळे ती कोणाला दिसतही नसत. सक्ती आली आणि सगळ्या तऱ्हेची मुले बाकावर येऊन बसली. काही मागे पडू लागली. त्यांच्यासाठी वेगळे वर्ग काढावेत असे ठरले, पण त्या वर्गांत घालायचे कोणाला? शिक्षकांच्या शब्दावर विसंबले तर खोडकर, अबोल किंवा नुसती नावडती मुलेही तिकडे ढकलली जाण्याची भीती होती. १९०४ मध्ये फ्रेंच सरकारने यासाठी एक आयोग नेमला. त्याचा एक सभासद होता आल्फ्रेड बिने. थेओदोर सिमाँ या तरुण डॉक्टरच्या मदतीने त्याने १९०५ मध्ये तीस छोट्या कामांची एक मालिका तयार केली. १९०८ मध्ये ती वयानुसार लावली, १९११ मध्ये पुन्हा सुधारली आणि त्याच वर्षी तो वारला.

बिनेने भागाकार केलेला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो फक्त एवढेच सांगे की हे मूल आज अमुक वयाच्या मुलांसारखी कामे करते. आणि हा निकाल कायमचा आहे असे मानणाऱ्यांवर तो चिडत असे. मागे पडलेल्या मुलांसाठी लक्ष देण्याचे, आठवण ठेवण्याचे, हात आवरण्याचे व्यायाम त्याने बसवले होते; वाकडे हाड सरळ करणाऱ्या वैद्यकाच्या शाखेवरून त्याला तो मनाचे अस्थिव्यंगोपचार म्हणे. भागाकार आला १९१२ मध्ये, विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाकडून. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुईस टर्मनने त्याला शंभराने गुणले आणि १९१६ मध्ये 'स्टॅनफर्ड-बिने' ही सुधारित मालिका काढली. पुढच्या एक-दोन वर्षांत पहिल्या महायुद्धासाठी भरती झालेल्या सुमारे सतरा लाख अमेरिकन शिपायांची सामूहिक बुद्धिचाचणी झाली, आणि त्या आकड्यांवरून कोणते लोक जन्मतःच कमी बुद्धीचे यावर ग्रंथ निघाले. तो भाग लाजिरवाणा आहे आणि इथे लांबवण्याचे कारण नाही. मदत कोणाला हवी हे शोधायला निघालेले साधन दहा-बारा वर्षांत माणसांची प्रतवारी करू लागले, एवढे पुरे.

आता आपल्याकडे येऊ या. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तो १९१७ साली. बाहेरच्या मुंबई इलाख्यातही त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत सक्तीचे कायदे झाले, कागदावर का होईना. म्हणजे फ्रान्समध्ये जे घडले होते तेच इथे घडू लागले : शाळेचे दार रुंद झाले, आणि आत आलेल्यांना मोजण्याची गरज कोणाला तरी वाटू लागली. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात सी. हर्बर्ट राइस यांनी १९२० च्या दशकात बिनेच्या मालिकेचे हिंदुस्थानी रूप तयार केले. आपल्या भागात हे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. त्यांनी टर्मनची १९१६ ची मालिका घेऊन तिचे कन्नड आणि मराठी मुलांसाठी रूपांतर केले. त्यावरचा त्यांचा लेख १९३४ मध्ये ब्रिटनमधल्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने पुस्तक काढले. 'बाँबे-कर्नाटक रूपांतर' असे तिला म्हणतात ते मुंबई इलाख्याच्या त्या कानडी जिल्ह्यांवरून.

कामतांनी केलेल्या कामाची किंमत कमी लेखू नये. नुसते भाषांतर करून भागणारे नव्हते. अमेरिकन मुलाला माहीत असलेली नाणी, चित्रे, वाक्ये काढून इथल्या मुलाला ओळखीची घालायची. मग तो प्रश्न कोणत्या वयाच्या बहुतेक मुलांना सुटतो हे प्रत्यक्ष बघायचे. आणि त्याप्रमाणे तो वरच्या किंवा खालच्या गटात हलवायचा. यालाच प्रमाणीकरण म्हणतात. ते त्यांनी धारवाडच्या १०७४ मुलांवर केले. एकेका मुलासमोर बसून, हाताने गुण लिहून, हाताने सरासऱ्या काढून. त्या काळात ही संख्या लहान नव्हती.

पण या १०७४ मुलांनीच 'सर्वसाधारण मूल' ठरले. बाईंच्या कागदावरचा चौसष्ट हा आकडा पठारावरच्या आजच्या मुलाची तुलना कोणाशी करतो? सुमारे नव्वद वर्षांपूर्वीच्या धारवाडच्या मुलांशी. चाचणीच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या, मूळचा सांगाडा तोच राहिला. आणि पुणे-मुंबईपासून बंगळुरूपर्यंत कितीतरी रुग्णालयांत व मार्गदर्शन केंद्रांत ती वापरली जाते. कारण सोपे आहे. ती स्वस्त आहे, तिला यंत्र लागत नाही, ती देशी भाषांत आहे, आणि तिच्या जागी येऊ शकतील अशा नव्या चाचण्या महाग आहेत.

नव्वद वर्षांत काय बदलते? न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७ मध्ये अनेक देशांचे जुने-नवे आकडे शेजारी ठेवून दाखवले की पिढीगणिक मुले या चाचण्यांत अधिक गुण मिळवत जातात. दहा वर्षांना सुमारे तीन गुण असा अमेरिकेतला हिशोब निघाला. शाळा, चित्रे, छापील मजकूर, आहार, सगळ्याचा यात वाटा असावा. याचा अर्थ असा की जुन्या मानकांनी मोजले तर आजचे मूल असावे त्याहून वर दिसते. ज्याला खरोखर मदत हवी असे मूल अशा चाचणीत ऐंशीच्या पुढे जाऊन प्रमाणपत्राला मुकू शकते. उलट प्रश्न मुलाच्या ओळखीच्या जगातले नसतील तर तेच मूल असावे त्याहून खाली दिसते. दोन चुका उलट्या दिशांना आहेत म्हणून त्या एकमेकींना खोडतील असे समजू नये. शहरातल्या मुलाला पहिली चूक लागते, वाड्यावरच्या मुलाला दुसरी.

अंदाज किती खरा?

परिषदेत एका गुरुजींनी विचारले, "ते सगळं असू दे. पण चाचणीत कमी आलेलं पोर अभ्यासात मागंच राहणार, हे तरी खरं ना?"

या प्रश्नावर शंभर वर्षे संशोधन झालेले आहे आणि उत्तर बरेच स्थिर आहे. दोन गोष्टी किती जोडीने चालतात हे सांगायला सहसंबंध गुणांक वापरतात. पूर्ण जोडीने चालल्या तर १, काहीच संबंध नसला तर ०. २०१५ मध्ये जर्मन संशोधकांनी २४० नमुने, म्हणजे एक लाखाहून जास्त विद्यार्थी एकत्र घेऊन हिशोब केला. बुद्धिचाचणी आणि शालेय गुण यांचा सहसंबंध ०.५४ निघाला. प्राथमिक वर्गांत तो याहून थोडा कमीच असतो.

अर्धा म्हणजे चांगला की वाईट? हे समजण्यासाठी आपण केंद्रातल्या चौथीच्या साठ मुलांचे उदाहरण घेऊ. बुद्धिचाचणीवरून त्यांचे तीस वरचे, तीस खालचे असे दोन भाग केले. वर्षअखेरीला अभ्यासाच्या गुणांवरून पुन्हा तसेच दोन भाग केले. सहसंबंध ०.५ असेल आणि गुण नेहमीच्या घंटेच्या आकारात पसरलेले असतील, तर गणित सांगते की चाचणीत खालच्या अर्ध्यात पडलेल्या तीस मुलांपैकी वीस अभ्यासातही खालच्या अर्ध्यात राहतील आणि दहा वरच्या अर्ध्यात जातील. चाचणी न घेता नुसत्या चिठ्ठ्या टाकून भाग पाडले असते तर पंधरा गेली असती. म्हणजे चाचणीने केलेली कमाई पंधरा चुकांच्या जागी दहा चुका, एवढी. ती खोटी नाही. दहा मुलांना दहा गोळ्या देऊन सगळ्यांना गुण आला असे कोणतेच औषधही नसते. पण त्या दहांपैकी एकाच्या कपाळावर आपण आकडा लिहिला तर?

शिक्षकांच्या अंदाजाचे काय? २०१२ मध्ये ७५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. शिक्षकांनी मुलाविषयी केलेला अंदाज आणि प्रमाणित चाचणीतले त्याचे यश यांचा सहसंबंध ०.६३ आला. (इथे अंदाज आजच्या यशाचा आहे, पुढच्या वर्षीचा नव्हे, हे खरे.) आम्हाला गंमत वाटते ती याची की कामतांनी आपली चाचणी बरोबर मोजते का हे पडताळण्यासाठी तिचे निकाल शिक्षकांच्या मताशी ताडून पाहिले, आणि तो सहसंबंध सुमारे ०.५ आला. बिनेने चाचणी काढली ती शिक्षकांच्या मतावर विश्वास नको म्हणून. आणि ती बरोबर आहे हे ठरवायला साक्षीदार बोलावला तो शिक्षकच! मानसशास्त्राची पुस्तके यावरून पटकन पुढे जातात. आम्हाला वाटते शिक्षकांनी इथे थोडे थांबावे.

दुसरी मोजणी

त्याच काळात त्याच धारवाड जिल्ह्यात आणखी एक माणूस शिक्षणाकडे निराळ्या बाजूने बघत होता. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचा, म्हणजे कोल्हापूरचाच. घरचे नाव विठ्ठल हरी घोटगे, पण स्वातंत्र्य चळवळीत घेतलेले जयंत पांडुरंग नाईक हेच नाव पुढे राहिले. १९३० च्या दशकात जे. पी. नाईक धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले आणि तिथल्या शाळेचे, आरोग्याचे, शेतीचे काम करू लागले. पुढे ते कोल्हापूर संस्थानाच्या कारभारात आले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत होते, आणि १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. आकडेवारी हे त्यांचे जन्मभराचे हत्यार होते. पण ते मूल मोजत नव्हते. ते शाळा मोजत होते : किती मुले आली, किती टिकली, कुठल्या वर्गात किती अडली.

या मोजणीला नाव मिळाले होते १९२९ च्या हार्टोग समितीच्या अहवालात : गळती आणि स्थगिती. त्यातला एक आकडा आजही अंगावर येतो. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त अठरा होती.

आता अंदाजाचाच खेळ खेळायचा तर बघा. १९२२ साली पहिलीतल्या कोणत्याही मुलाकडे न बघता 'हे तीन वर्षांत चौथीला पोचणार नाही' असे जो म्हणेल, त्याचे शंभरातले ब्याऐंशी अंदाज खरे ठरले असते. ना चाचणी, ना भागाकार. मुलाच्या डोक्यात काय आहे ते पाहावेच लागले नसते. शाळा, रस्ता, शेतातले काम आणि एकशिक्षकी वर्ग एवढे पाहून भागले असते. कोठारी आयोगानेही स्थगिती सर्वांत जास्त पहिलीत आहे असे दाखवून दिले, आणि पहिली-दुसरी मिळून एकच घटक समजावा, मध्ये मुलाला अडवू नये अशी शिफारस केली.

परिषदेतली चर्चा इथवर आली तेव्हा शेजारच्या केंद्रातून आलेले एक वयस्क गुरुजी म्हणाले, "कोल्हापूर जिल्ह्यात बसून बुद्धिमत्ता चाचणीला नावं ठेवू नका. शिष्यवृत्तीत आमची पोरं राज्यात येतात." हे खरेच आहे. १९५० च्या दशकापासून चालत आलेली ही परीक्षा चौथी-सातवीची होती तेव्हाही आणि २०१७ मध्ये ती पाचवी-आठवीला गेली तेव्हाही, या जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांनी गुणवत्ता याद्या भरल्या. त्यासाठी शिक्षक सकाळी आठला वर्ग उघडतात, दिवाळीतही शिकवतात. त्या परीक्षेत 'बुद्धिमत्ता चाचणी' असा विषयच आहे आणि त्याची मार्गदर्शके दुकानात ढिगाने असतात. आम्ही गुरुजींना एवढेच विचारले की सहा महिन्यांच्या सरावाने जी वाढते ती मुलाची बुद्धी की प्रश्न ओळखण्याची सवय? ते हसले. म्हणाले, "काय वाढतं ते मला ठाऊक नाही. पण सराव करून घेणारा गुरुजी ज्या शाळेत आहे तिथंच ते वाढतं."

याहून नेमके उत्तर आम्हाला पुस्तकांत सापडलेले नाही.

आता शिक्षकाच्या अपेक्षेची गोष्ट. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांची चाचणी घेतली आणि शिक्षकांना सांगितले की यांतली सुमारे वीस टक्के मुले यंदा एकदम फुलणार आहेत. नावे प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती. वर्षाने पुन्हा मोजले तेव्हा पहिली-दुसरीतली ती मुले खरोखरच इतरांपेक्षा जास्त पुढे गेलेली दिसली. वरच्या वर्गांत फरक जवळजवळ नव्हता. या अभ्यासावर पुष्कळ टीका झाली, चाचणीच्या दर्जावर आणि हिशोबावरही. नंतरच्या पस्तीस वर्षांचे संशोधन तपासून २००५ मध्ये काढलेला निष्कर्ष मवाळ आहे : शिक्षकाच्या अपेक्षेचा परिणाम असतो, पण सर्वसाधारणपणे तो लहान असतो. मात्र ज्या मुलांच्या समाजाकडे आधीच कमी लेखून पाहिले जाते त्यांच्यावर तो मोठा असू शकतो. वाड्यावरच्या शाळेला हे शेवटचे वाक्य लागू पडते.

या कागदाचा उपयोग नाही असे आम्ही म्हणत नाही. प्रमाणपत्र मिळाले तर मुलाला परीक्षेत जास्त वेळ मिळतो, सवलती मिळतात, विशेष शिक्षक येतो. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. फेरपरीक्षेतही जो उत्तीर्ण होणार नाही त्याला त्याच वर्गात थांबावे लागते. म्हणजे हार्टोग समितीची 'स्थगिती' दाराशी आलीच. हा मुलगा पुढच्या जूनमध्ये पाचवीत जाईल तेव्हा कागद जवळ असलेला बरा. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बौद्धिक दिव्यांगत्वाची जी व्याख्या केली आहे तिच्यात दोन गोष्टी आहेत : विचारशक्तीच्या मर्यादा आणि रोजच्या व्यवहारातल्या मर्यादा. नुसत्या एका आकड्याने ती पुरी होत नाही. आम्ही बाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "व्यवहार? अहो, शनिवारी दुपारनंतर सहा म्हशी आणि पंधरा शेरडं एकटा घेऊन जातो तो. संध्याकाळी एक कमी असलं तर घरात यायच्या आधी सांगतो."

त्या रात्री त्यांनी जुने हजेरीपट काढले. आठवड्याने आम्हाला फोन आला. पहिलीत तो मुलगा ८७ दिवस हजर होता, दुसरीत १०४. कायद्याप्रमाणे शाळेचे कामाचे दिवस असतात दोनशे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असले की वरच्या चार घरांतली मुले येतच नाहीत. शिवाय एक गोष्ट त्यांना हजेरी बघताना आठवली : हा मुलगा बोलणाऱ्याकडे नेहमी डावी बाजू करून उभा राहतो. उजवा कान लहानपणापासून वाहतो, असे आईने सांगितले. आकडे ऐकून उलट-सुलट म्हणणे, लांब वाक्य ऐकून तसेच्या तसे म्हणणे अशी कामे या प्रकारच्या चाचण्यांत बरीच असतात; आणि चाचणीच्या आधी कान कोणी तपासला नव्हता. आता कानाच्या डॉक्टरांची तारीख घेतली आहे. त्यानंतर चाचणी पुन्हा घ्यावी असा अर्जही बाईंनी केला आहे. नवा आकडा चौसष्टच येईल, कदाचित ऐंशी येईल. त्यावर आमची पैज नाही.

जाता जाता एक लिहायचे राहिले. टर्मनच्या १९१६ च्या मालिकेत एक प्रसिद्ध प्रश्न आहे. मुलासमोर एक गोल काढतात, त्याला एक लहान फट ठेवतात आणि सांगतात : हे शेत आहे, ही त्याची वाट. तुझा चेंडू या शेतात कुठेतरी हरवला आहे, कुठे ते ठाऊक नाही. तो नक्की सापडावा म्हणून तू कसा कसा फिरशील ते पेन्सिलीने दाखव. कडेकडेने गोल गोल फिरत मध्यापर्यंत आलेला, किंवा नांगरटीसारख्या ओळींनी सगळे शेत पालथे घातलेला मार्ग उत्तम. आठ वर्षांच्या मुलाचा थोडा ओबडधोबड मार्गही चालतो. एकच सरळ रेघ काढून थांबलेल्याला काही मिळत नाही.

बाईंना हा प्रश्न आम्ही परिषदेत फळ्यावर काढून दाखवला होता. त्यांनी तो मुलाला विचारून पाहिला, चाचणी म्हणून नव्हे, सहज. त्याने कागद थोडा वेळ निरखला, वाटेपासून एक सरळ रेघ ओढली ती थेट खालच्या काठापर्यंत, आणि पेन्सिल खाली ठेवली.

"एवढंच? बाकीचं शेत नाही बघायचं?" बाईंनी विचारले.

"चेंडू हाय न्हवं," तो म्हणाला. "उताराला जाणार."